फोटो गव्याचा, बातमी रानम्हशीची

मा. संपादक,
स. न.

गडचिरोलीतल्या कोलामार्का जंगलातल्या रानम्हशींची बातमी पान सातवर का होईना, पण छापलीत, त्याबद्दल आभार. ताडोबात वाघानं जांभई दिली तरी चार कॉलमी फोटो येतो, त्या मानानं म्हशीचं नशीबच. पण तो फोटो! महोदय, तो गवा आहे. पाठीवर उंचवटा, कपाळ राखट, शिंगं बुडाशी पिवळट. रानम्हशीची पाठ सपाट. शिंगं काळी, चपटी आणि दोन्हीकडे हात पसरावेत तशी.

बातमीत सगळा भर शिकारीवर. मी तिकडेच, अहेरी-सिरोंचाकडे पशुधन पर्यवेक्षक होतो. तिथली खरी धास्ती वेगळी. उन्हाळ्यात गावची गुरं आणि रानम्हशी एकाच डोहावर येतात. गावात घटसर्प (गुरांचा जीवघेणा साथीचा रोग) शिरला, तर मूठभर उरलेला कळप एका पावसाळ्यात संपेल. म्हणून मिरगाआधी गावातलं प्रत्येक जनावर टोचायचं. एका वर्षी लस आली पोळा झाल्यावर! थर्मासमधला बर्फ नाल्याच्या अलीकडेच पाणी झाला. वर कार्यालयाच्या तक्त्यात रकाना होता : 'लसीकरण केलेल्या रानम्हशी'. मी शून्य लिहिलं, तर खुलासा मागवला. शिंगं धरायला कोण येणार होतं, हे मात्र कुणी कळवलं नाही.

त्याच फेरीत एका म्हातारीनं कोठ्यातली पारडी दाखवली. जेमतेम दोन वर्षांची, पण शिंगं हातभर फाकलेली. मला पाहून फुसकारत तिनं दावं असं ताणलं की खुंटा हलला. "इचा बाप जंगलातला हाय डाक्टर, हे काय दूध काढू देते!" म्हातारी कौतुक करत होती की तक्रार, अजून कळलेलं नाही. उलटं झालं, म्हणजे गावचा हेला कळपात शिरला, तर रानातलं अस्सल बियाणंच जातं.

छत्तीसगडात उदंती अभयारण्यात एक वेळ अशी आली की 'आशा' नावाची एकच मादी उरली. मग २०१४ मध्ये हरयाणात कर्नालला तिचा क्लोन करून 'दीपआशा' जन्माला घातली, तर ती पाळीव मुऱ्हा म्हशीसारखी दिसते अशी कुजबुज. पुढे थेट आसामातून जनावरं छत्तीसगडातल्याच बारनवापारा अभयारण्यात आणावी लागली. आपल्याकडे इंद्रावती नदी ओलांडून कळपाची ये-जा आहे, तोवर गावच्या गुरांना वेळेवर लस द्या. एवढं स्वस्त काम क्लोनवाल्यांनाही जमायचं नाही. कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र होऊनही (२०१३) हे सांगावं लागतं.

जाता जाता, गेल्या महिन्यात तुमच्या शब्दकोड्यात 'जंगली म्हैस, दोन अक्षरी' असं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर छापलंत : गवा. मी ती दोन घरं कोरी ठेवली होती, म्हणून बक्षीस गेलं.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, महाल, नागपूर