नाइट ड्युटीच्या सिस्टर, तुमच्यासाठी

सिस्टर, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही ना. पण वाचलंत तर ओळखाल, खिडकीजवळचा बेड, सात वर्षाचा ब्लड कॅन्सरचा पोरगा, सारखं सुई नको म्हणणारा.

केमोनंतर काउंट पार खाली गेलेले, एएनसी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा 500 च्या पण आत, अँटिबायोटिक चालू असून पाचव्या दिवशी पण ताप हटेना. मला वाटलं येतो तसा जाईल. तुम्ही ताप बघायला आलात आणि त्यालाच विचारलंत, बाळा श्वास घेताना कुठं दुखतंय का, तर त्यानं उजव्या बरगडीवर हात ठेवला. मी आई असून मला हे विचारायचं सुचलं नव्हतं. तुम्ही लगेच डॉक्टरांना उठवलंत, सकाळी सीटी झाला, फुफ्फुसात गाठीसारखे डाग, बुरशीची गॅलॅक्टोमॅनन तपासणी पॉझिटिव्ह.

बुरशी! आमच्याकडं बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती, पोराच्या छातीत कशी गेली हेच कळेना. अ‍ॅस्परजिलस म्हणजे ही बुरशी, हवेत, धुळीत, मातीत सगळीकडं असतो, आपण रोज श्वासातून घेतो पण आपल्या पांढऱ्या पेशी त्याला मारतात, ह्याच्याकडं त्या उरल्याच नाहीत, असं तुम्ही समजावलंत. आणि म्हणालात, "आई, तुमची चूक नाही यात." सिस्टर, त्या रात्री पाच दिवसांनी मी झोपले.

सासऱ्यांनी जेजुरीहून आणलेला झेंडूचा हार तुम्ही आधी कपाळाला लावलात आणि मगच वॉर्डाबाहेर ठेवलात, ते अजून त्याबद्दल बोलतात.

मग बुरशीवरचं ते पिवळं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन, ते चढताना त्याला हुडहुडी भरायची, तुम्ही ब्लँकेट घेऊन बसायचात आणि सकाळी पोटॅशियम किती आलं ते आधी बघायचात. घरी सोडताना बुरशीवरच्याच व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या तेव्हा माझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलंत: जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर, उन्हात नाही न्यायचं, आणि विन्क्रिस्टीन, म्हणजे केमोचं इंजेक्शन, द्यायच्या आधी ही गोळी चालू आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, दोन्ही एकत्र झाली तर नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, त्रास होतो.

पुढं विन्क्रिस्टीनच्या दिवशी डॉक्टर नवीन होते, मी नुसती वही पुढं केली. त्यांनी वाचलं, इंजेक्शन थांबवलं, मोठ्या डॉक्टरांना विचारून गोळीचं आधी ठरवलं आणि मगच दिलं.

आता मेंटेनन्स, म्हणजे केमोचा शेवटचा लांबचा टप्पा, चालूये, परवाच्या सीटीत डाग जवळजवळ गेलेत. ते पान मी लॅमिनेट करून फाइलीत सगळ्यात वर लावलंय.