जुन्या लढती वेळापत्रकातून पुसू नका

माननीय संपादक,

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नव्या वेळापत्रकावरचा मजकूर आपल्या क्रीडा पानावर वाचला. सोळा संघ असताना ठरावीक जोड्यांनीच दरवर्षी भिडायचे हा बाकीच्यांवर अन्याय आहे, जुन्या लढतींचा हट्ट आता सोडावा, असा त्याचा रोख होता. मी बरीच वर्षे अटलांटात राहतो. इथल्या हिवाळ्याआधीच्या शनिवारांची मला गोडी लागली आहे, आणि हे मत मला अजिबात पटत नाही.

साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसी या आपापसात दरवर्षी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेत, 2024 पासून टेक्सास आणि ओक्लाहोमा धरून 16 विद्यापीठे झाली. कॉन्फरन्समधले सामने 8 होते, ते 2026 पासून 9 केले. प्रतिस्पर्धी 15 आणि सामने 9, म्हणजे सहा संघांशी त्या वर्षी गाठच पडत नाही. ते सहा दुबळे निघाले की बलाढ्य, यावर हंगाम फिरतो. शिवाय नऊ हा आकडा विषम, त्यामुळे निम्म्या संघांना घरच्या मैदानावर चारच सामने आणि बाकीच्यांना पाच. ही असमानता जुन्या जोड्यांनी आणलेली नाही. ती संघ वाढवत नेल्यामुळे आली, आणि संघ वाढवण्यामागे टेलिव्हिजनचा पैसा होता हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. 1991 पर्यंत याच कॉन्फरन्समध्ये 10 संघ होते. तेव्हा नऊ सामने खेळवले असते तर प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत झाली असती. आज नऊ खेळूनही ते होत नाही.

न्यायाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे मात्र खोटे नाही. 2012 ते 2023 या काळात 14 संघ दोन गटांत विभागलेले होते. आपल्या गटातले सहा, दुसऱ्या गटातला एक कायमचा आणि एक फिरता, अशी आठ सामन्यांची वाटणी होती. कायमच्या प्रतिस्पर्ध्यात एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) वाट्याला फ्लोरिडा आला, तर त्याच गटातल्या अलाबामाला त्या काळात तुलनेने दुबळा असलेला टेनेसी. एलएसयूच्या प्रशिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी यावर उघड नाराजी व्यक्त केली होती. त्याहून मला खटकायची ती दुसरी गोष्ट. टेक्सास ए अँड एम या कॉन्फरन्समध्ये आल्यावर त्या बारा वर्षांत जॉर्जियाचा संघ त्यांच्या मैदानावर एकदाही गेला नाही. चार वर्षे खेळून मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो आणि आपल्याच कॉन्फरन्समधले एवढे मोठे मैदान त्याला बघायला मिळत नाही, हे चूकच होते. नव्या रचनेत तीन प्रतिस्पर्धी कायम आणि सहा फिरते आहेत, त्यामुळे चार वर्षांत प्रत्येक संघाशी घरी आणि बाहेर असे दोन्ही सामने होतात. न्याय हवा होता तो इथे मिळाला, आणि त्याचे मी स्वागत करतो.

पण सामने आठच ठेवून एकच प्रतिस्पर्धी कायम आणि सात फिरते, असाही पर्याय विचारात होता. तो स्वीकारला असता तर अलाबामाकडे ऑबर्न उरला असता आणि टेनेसी गेला असता. जॉर्जिया-ऑबर्न ही लढतही दर वर्षाची राहिली नसती. हा सामना पहिल्यांदा 1892 मध्ये झाला, तोही अटलांटातल्या पिडमाँट पार्कमध्ये, जिथे आज लोक संध्याकाळी फिरायला येतात. कॉन्फरन्सची स्थापना त्यानंतर चाळीस वर्षांनी झाली.

‘बलाढ्य प्रतिस्पर्धी कायमचा गळ्यात पडतो’ या तक्रारीत एक गोष्ट विसरली जाते. संघांचे बळ कायमचे नसते. टेनेसीने अलाबामाला 1995 ते 2001 सलग सात वर्षे हरवले. पुढे 2007 ते 2021 सलग पंधरा वर्षे अलाबामा जिंकला. त्या पंधरा वर्षांत कोणीही म्हणाले असते की हा सामना एकतर्फी झाला, बंद करा. मग 2022 मध्ये टेनेसीने शेवटच्या किकवर 52-49 असा विजय मिळवला आणि लोकांनी गोलपोस्ट उखडून थेट टेनेसी नदीत नेऊन टाकले. दुसऱ्या कोणत्याही संघाला हरवून एवढा जल्लोष झाला नसता. तो पंधरा वर्षांच्या पराभवांतून आला होता, आणि ते पराभव दरवर्षी त्याच संघाकडून झाले होते.

न्यायाच्या नावाखाली काय हरवते त्याचा दाखलाही समोर आहे. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा 1928 ते 1997 दरवर्षी खेळले. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स झाली तेव्हा दोघे वेगवेगळ्या गटांत गेले, फिरत्या पद्धतीत दोन वर्षे सामना आणि दोन वर्षे खंड आला, आणि 2011 मध्ये नेब्रास्का दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये निघून गेले. सत्तर वर्षांचा रिवाज असा संपला.

आपल्याकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. रणजी करंडकात पश्चिम विभाग होता तोवर मुंबई-महाराष्ट्र लढत दर मोसमाला ठरलेली असे. 2002-03 पासून विभागवार साखळी मोडून संघांची एलिट आणि प्लेट अशी वाटणी झाली. क्रिकेटच्या दर्जासाठी ते बहुधा गरजेचे होते, पण ती वार्षिक लढत गेली याची चुटपुट जुन्या प्रेक्षकांना अजूनही आहे.

वेळापत्रक कमी-अधिक कठीण असणारच. त्याची भरपाई करायची जागा वेगळी आहे. अजिंक्यपदाच्या बाद फेरीसाठी 2024 पासून 12 संघ घेतात आणि त्यांची क्रमवारी 13 जणांची समिती लावते. कोण किती सामने जिंकले याबरोबरच कोण कोणाशी खेळले याला या समितीने पुरेसे वजन द्यावे. ऑबर्नला दरवर्षी अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांशी झुंजावे लागते. मग त्यांचे तीन पराभव आणि सोपे वेळापत्रक मिळालेल्या संघाचे दोन पराभव एकाच तराजूत तोलू नयेत.

कायमच्या जोड्यांचा दर चार वर्षांनी फेरविचार होणार आहे. जिथे केवळ संख्या भरायची म्हणून जोडी लावली आहे, उदाहरणार्थ ओक्लाहोमा-ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) किंवा ऑबर्न-व्हँडरबिल्ट, तिथे खुशाल बदल करावा. एलएसयू-फ्लोरिडा हा 1971 पासून दरवर्षी होणारा सामना या वेळी कायमच्या यादीतून निघाला, त्यालाही माझा विरोध नाही, कारण तक्रार खुद्द एलएसयूचीच होती. मात्र अलाबामा-टेनेसी, जॉर्जिया-ऑबर्न, टेक्सास-ओक्लाहोमा आणि तेरा वर्षांच्या खंडानंतर 2024 मध्ये पुन्हा सुरू झालेली टेक्सास-टेक्सास ए अँड एम, या लढती त्या फेरविचारातून आधीच वगळाव्यात. दोन्ही विद्यापीठांची लेखी संमती असल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

आपला,
एक वाचक, अटलांटा