राखेच्या विटेवर तारीख हवी

मा. संपादक, स. न. वि. वि.

राखेची वीट घेऊ नका, प्लास्टर सोडते, असे भुसावळ-यावल पट्ट्यात घर बांधणाऱ्याला कोणी ना कोणी सांगतेच. मी याच भागात गवंडीकाम करतो. माझ्या मते दोष राखेचा नाही, घाईचा आहे.

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली राख, खडी क्रशरची कच आणि सिमेंट किंवा चुना-जिप्सम कालवून ही वीट दाबून काढतात. ती भट्टीत भाजत नाही, पाण्यावर पिकते. राखेतली सिलिका चुन्याशी हळूहळू एकजीव होते. त्याला ओलावा लागतो आणि दिवसही लागतात. मागणी वाढली की चार-सहा दिवसांची कच्ची वीटही ट्रॉलीत भरून येते. गेल्या उन्हाळ्यात एका कामावर वीट उतरवतानाच कोपरे झडत होते, नखाने ओरखडले तर भुकटी निघत होती. नीट पिकलेली वीट मात्र एकमेकींवर वाजवली की खणखणते. कडा सरळ असल्याने मसालाही कमी लागतो. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून सांधे खरवडून, भिंत हलकी ओली करून आधी सिमेंटच्या पाण्याचा हात मारावा लागतो. एवढे केले की प्लास्टर धरते.

आणि राखेची एवढी भीती का? बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (पोझोलाना) सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के हीच राख असते, त्यावर आपण बिनधोक स्लॅब टाकतो.

आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख निघते. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राची राख वेल्हाळ्याच्या बंडात (राख साठवायच्या तलावात) साठते, आणि इकडे लाल विटेसाठी शेतांची वरची माती खणून नेली जाते. ज्या मातीत केळी-कापूस पिकतो, ती भट्टीत जाताना पाहून जीव तुटतो.

केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांत राखेचे साहित्य वापरायचे आहे, ते पर्यायी मालापेक्षा महाग नसले तर. म्हणजे धुळे-नंदुरबारही त्यात आले. जिल्हा परिषदांनी घरकुले आणि शाळांच्या संरक्षक भिंतींच्या अंदाजपत्रकात ही वीट धरावी. पण सोबत दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: विटेवर किंवा पावतीवर उत्पादनाची तारीख, आणि त्या मालाचा दाबचाचणी अहवाल. तारीख नसलेली ट्रॉली कामावर उतरवून घेऊ नये, ही अट निविदेत एका ओळीत बसते.

आपला,
एक गवंडी मिस्तरी, ता. यावल, जि. जळगाव