उपमालिका म्हणजे बांडगूळ नव्हे

रविवार पुरवणीतील परदेशी मालिकांवरचा लेख वाचला. उपमालिका मूळ मालिकेच्या पुण्याईवरच जगतात, हा त्यातला सूर पटला नाही. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’मधून निघालेली ‘एंजल’ (१९९९ ते २००४, एकूण ११० भाग) हे त्याला ठळक उत्तर आहे. मूळ मालिका रक्तपिशाच्चांशी लढणाऱ्या शाळकरी मुलीची. ही मात्र लॉस एंजेलिसमध्ये जुन्या पापांचे ओझे वाहणाऱ्या, शापाने आत्मा परत मिळालेल्या रक्तपिशाच्चाची. नायक सदा कुढणारा, हे खरे (त्याचा कधीकधी वैतागही येतो). पण इथला खरा खलनायक शवपेटीत झोपत नाही. ती ‘वुल्फ्रम अँड हार्ट’ नावाची वकिली पेढी आहे. पाचव्या पर्वात तिच्या स्थानिक शाखेची सूत्रे नायकाच्याच हाती येतात. कार्यालयाच्या काचा अशा, की ऊन आत येते, पण पिशाच्चाला भाजत नाही. शतकानुशतके अंधारात वावरलेला माणूस तिथे निवांत उन्हात उभा राहतो आणि ते ऊन शत्रूने दिलेले असते! हा पेच मूळ मालिकेकडून उसना घेतलेला नाही.

– एक वाचक, पुणे