सीनाकाठचे पंचनामे आणि तुझा फॉर्म

सोलापूर,
17 जानेवारी 2026

प्रिय सुमे,

इकडे गड्ड्याची जत्रा, घरात पाहुण्यांचा राबता, त्यात ऑफिसचं रडगाणं चालूच. म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. आज सगळी जेवून पांगली आहेत, तर निवांत लिहिते.

चक्रीवादळानंतर गावाच्या गरजा कशा मोजायच्या, त्याचा फॉर्म कसा असावा, हे तुमच्या कोकणातल्या संस्थेतल्या पोरांना शिकवायचंय, आणि तू विचारतेस मला! आमच्याकडच्या पोरांना भरती-ओहोटी भेटते ती भूगोलाच्या पुस्तकात. पण वादळं आमच्यापर्यंतही येतात गं, वारा वाटेत टाकून नुसतं पाणी घेऊन. ऑक्टोबर 2020 मध्ये काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलेलं ते वादळी क्षेत्र तेलंगण, उत्तर कर्नाटक ओलांडून आमच्या डोक्यावर येऊन बसलं. पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत पडून सहाजण गेले, ते त्याच पावसात. आणि गेल्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं माढा-मोहोळात काय केलं ते तू टीव्हीवर पाहिलंच आहेस.

त्या पुराच्या पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि मी असे आम्ही तिघं शेताशेतातून फिरलो. पंचनामा विचारतो काय, तर गट नंबर, पीक, क्षेत्र आणि नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे की नाही. मग केंद्राच्या निकषाप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500. तातडीची मदत म्हणून ठीक आहे, नाही म्हणत नाही. त्या पैशावर कितीतरी घरांची दिवाळी झाली. पण ही मदत झाली. गरज वेगळी, आणि तुझ्या पोरांना नेमका हाच फरक कळायला हवा.

एका दावणीचं सांगते. दोन संकरित गाई रात्री साखळीसकट बुडाल्या. नदीकाठच्या बाभळीत ठिबकच्या नळ्यांचा गुंता अडकलेला, गोठ्यात गुडघाभर गाळ, आणि भिंतीला डेअरीचं कार्ड तसंच लटकलेलं, सकाळ-संध्याकाळच्या लिटरांसकट. कागदावर दुभत्या जनावराला 37,500 रुपये. तशी गाय बाजारात लाखाच्या पुढे, हे एक झालं. पण त्या कार्डावरचा दर दहा दिवसांचा पगार थांबला, त्याचं काय? त्यावर किराणा होता, पोरीची कॉलेजची फी होती, बचत गटाचा हप्ता होता. मेलेली गाय म्हणजे नुकसान, थांबलेलं दूध म्हणजे तोटा. आणि नवी गाय, उंचावरचा गोठा, तोवरचा चारा आणि हप्त्याला मुदत ही गरज. तिन्ही आकडे वेगळे निघतात. पंचनाम्यात पहिलाच येतो, तोही अर्धामुर्धा.

ही विभागणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1972 मध्ये निकाराग्वात मनाग्वाला भूकंप झाला, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेच्या आयोगानं ही पद्धत बसवायला घेतली. पुढे 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक आणि युरोपीय संघ यांनी मिळून ती उचलली. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ओडिशातलं फनी चक्रीवादळ घे. 3 मे 2019 ला पुरीजवळ धडकलं. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती, फनीत 64. माणसं वाचली, पण घरं, झाडं, विजेचे खांब आडवे. नुकसान आणि तोटा मिळून 24 हजार कोटींच्या वर गेला आणि उभारणीची गरज निघाली 29 हजार कोटींच्या वर. पोरं विचारतील, मोडलं त्यापेक्षा जास्त कसं? तर पडलेला खांब तसाच पुन्हा रोवला की पुढच्या वादळाला तो पुन्हा पडणार. पक्कं करायचं तर खर्च वाढणारच.

तुमच्याकडे निसर्ग वादळानंतर हेच दिसलं. गुंठ्या-गुंठ्यांच्या वाड्या, आणि मदत हेक्टरी! ओरड झाली तेव्हा कुठे झाडामागे हिशेब सुरू झाला. तरी रोप लावल्यापासून नारळ धरेपर्यंत जी पाच-सात वर्षं जातात, ती कोण धरणार? मला विचारशील तर कोकणात फॉर्मचा पहिला प्रश्न हाच हवा: झाडं किती गेली, त्यातली फळावर किती होती.

आमच्याकडे माती गेली. शब्दशः. वावराच्या जागी खाली मुरूम उघडा, आणि मधेच पाइपलाइनचं तोंड हवेत. ऑक्टोबरात सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केले. पण माती आणायची कुठून, टिपरनं की ट्रॅक्टरनं, रस्ताच वाहून गेलाय तर कुठल्या वाटेनं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

घरांबाबत एक गोष्ट पोरांच्या डोक्यात घालच. माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर पावसात पडतंच असं नाही, ऊन पडलं की पडतं. भिजलेली भिंत फुगते, वाळताना आकसते, तडकते, मग बसते. आम्ही गेलो तेव्हा एका म्हातारीच्या घराला नुसती भेग होती, ‘अंशतः पडझड’ असं लिहून आलो. दसऱ्यानंतर निरोप आला, “बाई, घर बसलं बघा.” तेव्हा एकदाच जाऊन कागद बंद करायचा नाही. पहिली फेरी पाणी ओसरल्यावर लगेच, अन्न, औषध, निवाऱ्यापुरती. दुसरी उन्हं पडल्यावर. तिसरी पुढच्या पेरणीच्या आधी, कारण कोण पेरतंय आणि कोण घर सोडून पुण्याला गेलंय ते तेव्हाच दिसतं.

आणि विचारायचं कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस आपणहून समोर येतो. बटईनं, म्हणजे वाट्यानं कसणारा बांधाच्या पलीकडे उभा असतो. बी त्याचं, खत त्याचं, आणि पैसे मालकाच्या खात्यात. शहरातही तेच. सोलापूरच्या पूर्व भागात पाणी शिरलं त्या घरांत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. पानं भिजून चिकटलेली, तंबाखूला बुरशी, आणि तो माल त्यांचा नव्हेच, कारखान्यातून मोजून आणलेला. सूप आणि कात्री पुढ्यात घेऊन एकजण म्हणाली, “भांडी लिहूलालाव, हे कुठं लिहिणार बे?” तलाठी गप्प बसला. रकाना नव्हताच.

म्हणून सांगते, फॉर्म भरायला बसण्याआधी गावातल्या बायकांना, वाटेकऱ्यांना आणि मजुरांना वेगवेगळं बसवून बोला. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर बोलणार सरपंच आणि दुकानदार. पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर असते, ती मोजून घ्या. जोतं किती उंच बांधायचं ते त्यावरून ठरतं. फोटो शेतात उतरून काढा, बांधावरून सगळं हिरवंच दिसतं. आणि ‘काय पाहिजे’ असं विचारू नका, लोक मिळेल ते मागतात. ‘वादळाआधीच्या महिन्यात घरात पैसा कुठून कुठून यायचा’ असं विचारा, मग बघ कशी बोलायला लागतात.

मसुदा झाला की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. फार लांब करू नकोस, दोन पानांच्या वरचा फॉर्म चिखलात कुणी भरत नाही. आणि मालकाच्या नावाखाली ‘प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव’ अशी एक ओळ घाल. तुमच्या वरिष्ठांनी खोडली तरी पुन्हा घाल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
विजू