'सुपर १२०' लोकरीच्या नावाने विकलेल्या पॉलिएस्टरच्या सुटाबाबत तक्रार

अमळनेर, जि. जळगाव
दिनांक : २२ मे २०२६

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : वर्णनाशी न जुळणारा व सदोष सूट पुरवल्याबद्दल संपूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या मुलाच्या लग्नाच्या स्वागत समारंभासाठी मी आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून गडद निळ्या रंगाचा, चाळीस नंबरचा टू-पीस सूट रुपये १५,४९९ इतक्या किमतीला मागवला होता. सुटाचे कापड 'सुपर १२० वूल' आणि कोटाची बांधणी 'हाफ कॅनव्हास', म्हणजे छातीला आतून टाक्यांनी जोडलेला कॅनव्हासचा थर असलेली, असल्याचे आपण तेथे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि त्या वर्णनाची छापील प्रत माझ्यापाशी आहे. प्रत्यक्षात घरी आलेल्या कोटाच्या आतल्या खिशाजवळ शिवलेल्या पट्टीवर ८० टक्के पॉलिएस्टर व २० टक्के व्हिस्कोज असे छापलेले आहे. लोकरीचा त्यावर उल्लेखही नाही. पुढे लग्नानंतर पहिल्यांदा ड्रायक्लीन करून आणल्यावर कोटाच्या छातीवर दोन्ही बाजूंना आणि डाव्या लॅपलवर, म्हणजे कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर, कापड फुगून फोड आले.

पार्सल उघडताच मी पट्टीचे छायाचित्र पाठवून खुलासा मागितला होता. 'सुपर १२०' हे आपल्या कापडाच्या एका मालिकेचे नाव असून ते कापडाच्या स्पर्शाविषयी आहे, असे उत्तर मला मिळाले. सूट बदलून मागितला, तर त्या मापाचा दुसरा शिल्लक नसल्याचे कळवण्यात आले. लग्न तोंडावर आले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यामुळे हरकत लेखी नोंदवून आहे तो सूट वापरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

'स्पर्शाविषयी' या खुलाशाला माझा ठाम आक्षेप आहे. 'सुपर' या शब्दापुढचा आकडा लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेने, म्हणजे आयडब्ल्यूटीओने, त्याची संहिता ठरवून दिलेली आहे. सुपर १०० म्हणवण्यासाठी लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अधिक असून चालत नाही, आणि सुपर १२० साठी हीच मर्यादा १७.७५ मायक्रॉन आहे. हे नाव शुद्ध नव्या लोकरीच्या कापडासाठी राखलेले असून तिच्यासोबत रेशीम किंवा कॅशमिअरसारखे (एका जातीच्या शेळीची मऊ लोकर) दुर्मीळ तंतू चालतात, पॉलिएस्टर नाही. ज्या कापडात लोकरीचा एक धागाही नाही, त्याच्यावर हा आकडा लिहिणे म्हणजे ग्राहकाला ठरवून चुकीची माहिती देणे होय. आमच्याच जिल्ह्यात, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, १९७९ साली रेमंडची लोकरी सुटिंगची गिरणी उभी राहिली आणि आमचे अमळनेर तर प्रताप मिलच्या आधाराने वाढलेले गाव, त्यामुळे कापडातले येथे कोणाला काही कळत नसावे हा आपला समज असल्यास तो कृपया दुरुस्त करून घ्यावा. तरीही खात्रीसाठी आमच्या टेलर मास्तरांनी पँटच्या आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीत सोडलेल्या जादा कापडातून, दोन धागे काढून माझ्यादेखत जाळले. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चिमटीत चुरडणारी राख राहते. येथे धागा वितळून त्याचा कडक काळा मणी झाला.

आता बांधणीविषयी. कोटाच्या समोरच्या भागाला आकार देण्यासाठी आत जो थर घालतात, तो कॅनव्हासचा असेल तर टाक्यांनी जोडलेला आणि मोकळा राहतो, अंगाप्रमाणे हळूहळू बसतो. फ्यूज केलेल्या कोटात तोच थर गोंदाने कापडाला चिकटवलेला असतो. हाफ कॅनव्हास म्हणजे निदान छातीचा आणि लॅपलचा भाग कॅनव्हासवर उभा असला पाहिजे. खालच्या बटणाजवळ कोटाचे वरचे कापड आणि आतले कापड दोन हातांच्या चिमटीत धरून अलगद ओढले, की मध्ये तिसरा सुटा थर लागतो की नाही यावरून पूर्ण कॅनव्हास ओळखता येतो, आणि हाफ कॅनव्हाससाठी हीच चाचणी छातीवर करावी लागते. आपल्या कोटात छातीवरही तिसरा थर हाताला लागत नाही. शंका राहू नये म्हणून मास्तरांनी अस्तराची एक शिवण उसवून आतला भाग दाखवला, तर सगळा कोट वरपासून खालपर्यंत चिकटवलेला निघाला. त्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

फ्यूज केलेला कोट म्हणजे वाईटच, असे माझे म्हणणे नाही. कारखान्यात उष्णता, दाब आणि वेळ ही तिन्ही नीट सांभाळली असतील, तर असा कोट बरीच वर्षे टिकतो आणि स्वस्तात मिळणारे बहुतेक सूट तसेच असतात. यांपैकी एक जरी कमी पडले, किंवा वरचे कापड आणि आतला थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसले, तर गोंद सुटतो आणि तेथे हवा धरून फोड येतात, आणि एकदा आलेला फोड इस्त्रीने कायमचा बसत नाही. आपल्या प्रतिनिधीने याचा दोष 'छोट्या गावातील ड्रायक्लीनर'वर टाकला. हे वाक्य मला सुटापेक्षाही अधिक खटकले. कपडा जळगावच्या जुन्या व्यावसायिकाकडे दिला होता. आपण शिवलेल्या पट्टीवरच वर्तुळात 'पी' हे चिन्ह छापलेले आहे, ज्याचा अर्थ परक्लोरोइथिलीन या द्रावकात ड्रायक्लीन करण्यास हरकत नाही असा होतो, आणि त्यांनी नेमके तेच केल्याचे पावतीवर लिहून दिले आहे. आपल्याच सूचनेप्रमाणे धुतल्यावर कपडा बिघडत असेल, तर दोष कपड्याचा आहे.

आपली जाहिरात 'प्रत्येक बजेटसाठी उत्तम सूट' अशी आहे, आणि तक्रारीचे मूळ मला या वाक्यातच दिसते. प्रत्येक ऐपतीच्या माणसाला चांगला सूट मिळू शकतो हे खरेच आहे, पण कोणत्या पैशांत काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे विकणाऱ्याने सरळ सांगितले तरच. खानदेशात ते आजही सांगितले जाते. ज्याला एका संध्याकाळपुरताच कोट हवा आहे, तो भाड्याने आणतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्याच्या वर, जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर तयार सूट मिळतात, ते पॉलिएस्टर-व्हिस्कोजचे आणि फ्यूज केलेलेच असतात, पण दुकानदार ते त्याच नावाने आणि त्याला साजेशा किमतीला विकतो; भिलवाड्याचे कापड आहे, लोकर नाही, हे तो न विचारता सांगतो. अशा सुटात गिऱ्हाइकाने खांदा नीट बसतो का आणि शिवणीत माया सोडली आहे का एवढे पाहिले तरी पुरते, कारण कंबर आणि बाही नंतर दुरुस्त होते, खांदा सहसा होत नाही. आपण मुलाच्या कोटात बगलेच्या शिवणीत मायाच ठेवलेली नाही, म्हणजे घेर बोटभर सैल करायचा तरी सोय नाही.

आणि पंधरा हजारांच्या आसपास खर्च करण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी तर आमच्याकडची जुनी वाटच अजून बरी आहे. ५८ इंची पन्ह्याच्या लोकरमिश्रित कापडाचा साधारण तीन-सव्वातीन मीटरचा पीस घ्यावा, कापडाच्या काठावर छापलेले प्रमाण स्वतः वाचावे आणि मध्ये एक ट्रायल देणाऱ्या मास्तरांकडे शिवायला टाकावा. छातीला कॅनव्हास घालायला सांगितले, तर जाणते मास्तर तो घालतात; शिलाई थोडी वाढते. सरकारी कराचाही यात फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांवरील तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, तर कापडावर ५ टक्के. आपल्या बिलातील सुमारे २,३६४ रुपये केवळ कराचे आहेत. त्याहून अधिक खर्च करू शकणारा मुंबई-पुण्यास जाऊन मापाचा, खऱ्या कॅनव्हासचा सूट शिवून घेतो. माझ्या मुलाला नोकरीमुळे मास्तरांकडे माप आणि ट्रायल देण्यासाठी गावी येणे शक्य नव्हते, म्हणून मी आपल्या वर्णनावर विसंबून पैसे भरले. त्या पैशांत मला आग्रा रोडवरचाच माल मिळाला, फक्त खोट्या नावाने आणि कितीतरी जास्त किमतीला.

कापडाच्या या खोट्या नावाचा त्रास प्रत्यक्ष अंगालाही झाला. आमच्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि नेमके तेव्हाच लग्नसराई असते. हलक्या वजनाची लोकर अशा हवेत घालता येते, कारण प्रमाणित हवामानात ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. 'बारमाही वापरासाठी' असे आपण लिहिले होते, त्याच भरवशावर हे कापड निवडले. व्याह्यांकडच्या मंडळींसमोर नवरदेव घामाने चिंब होऊन व्यासपीठावर उभा होता आणि शेवटी कोट काढून शर्टावरच त्याला फोटोसाठी बसावे लागले.

पंधरा दिवसांची परतीची मुदत उलटल्याचे कारण आपण दाखवले आहे. कापडाबद्दलची माझी पहिली लेखी हरकत त्या मुदतीच्या आतली आहे, आणि फोडांचा दोष तर पहिल्या धुलाईशिवाय दिसणेच शक्य नव्हते. वस्तूचा दर्जा किंवा घटक यांविषयी खोटे वर्णन करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मला आजवर केवळ आपोआप येणारे संदेश मिळाले आहेत, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने थेट आपल्या नावे पाठवत आहे.

माझी मागणी अशी की, करासह रुपये १५,४९९ ही पूर्ण रक्कम आणि ड्रायक्लीनचा खर्च मूळ खात्यात जमा करावा आणि सूट आपल्या खर्चाने माझ्या घरून घेऊन जावा. कूपन किंवा पुढील खरेदीवरील सवलत मला नको. अधिक मास संपल्यावर, निज ज्येष्ठात, पुतण्याचे लग्न आहे, तेव्हा बदली सूट देण्याचा प्रस्ताव असेल तर तो लिहिलेल्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारा, पट्टीवर लोकरीचे प्रमाण छापलेला आणि १२ जूनपूर्वी घरी पोहोचणारा असला पाहिजे. अन्यथा मी मास्तरांकडे पीस टाकणार आहे आणि मला रक्कमच हवी आहे. याशिवाय, संकेतस्थळावर 'सुपर १२० वूल' व 'हाफ कॅनव्हास' हे शब्द ज्या ज्या पॉलिएस्टरच्या, फ्यूज केलेल्या सुटांपुढे लिहिले आहेत, तेथून ते काढून प्रत्येक सुटाच्या किमतीशेजारी धाग्यांचे प्रमाण आणि बांधणी लिहावी. ही शेवटची मागणी माझ्या रकमेवर अवलंबून नाही. रक्कम परत आली तरी ती कायम राहील.

विहित मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ येथे नोंद करून जळगाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. कायद्याच्या कलम ३४ मुळे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे आपले कार्यालय दूर असल्याची अडचण मला येणार नाही.

बिलाची प्रत, संकेतस्थळावरील वर्णनाची छापील प्रत, पट्टीची व उसवलेल्या अस्तराची छायाचित्रे, ड्रायक्लीनची पावती आणि आजवरचा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. सूट जसाच्या तसा घरी ठेवला आहे. आपला माणूस पाठवून तो केव्हाही तपासता येईल.

कळावे,

आपला,
तक्रारदार ग्राहक
(स्वाक्षरी)