मॅडम, त्या दुपारी तुम्ही मला थांबवलं नाहीत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची ती स्किल लॅबमधली दुपार तुमच्या लक्षात असेल का? खाटेवर आपला मॅनिकिन, सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा. आम्ही त्याला काका म्हणायचो. काकांना सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक द्यायचं होतं. ट्रेमध्ये 10 मिलीच्या दोन प्लास्टिकच्या अ‍ॅम्प्यूल शेजारी शेजारी. मी पाण्याची समजून एक मोडली, वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, पावडर विरघळवली आणि शिरेतून द्यायला लागले. पडद्यामागून आवाज आला, "सिस्टर, हातात आग होतेय." मी म्हटलं, "काका, थोडं सहन करा," आणि प्लंजर रेटत राहिले. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली, मग सपाट.

मी मोडलेल्या अ‍ॅम्प्यूलवर तुम्ही पोटॅशियम क्लोराइडचं लेबल चिकटवलं होतं. म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). सलाइनमध्ये मिसळून सावकाश सोडायचं ते औषध मी सरळ शिरेत ढकललं होतं. पडद्यामागचे काका म्हणजे तुम्हीच. तुम्हाला माझी चूक दिसत होती, तरी तुम्ही मध्ये पडला नाहीत. त्यासाठीच हे पत्र.

तुम्ही रागावला नाहीत. आधी काकांच्या छातीवर दाब, म्हणजे कंप्रेशन, द्यायला लावलीत, मग सगळ्यांना गोल बसवून मला विचारलंत, "अ‍ॅम्प्यूल उचलताना तुला काय दिसलं?" मी म्हटलं, आकार. लेबल वाचलंच नव्हतं. "आणि काका आग होतेय म्हणाले तेव्हा?" तिथे मला रडू फुटलं. पेशंट सांगत होता आणि मी त्यालाच गप्प करत होते. तुम्ही पाण्याचा ग्लास दिलात आणि वर्गाला विचारलंत, "या दोन अ‍ॅम्प्यूल एका ट्रेमध्ये ठेवल्या कुणी?" संहत, म्हणजे तीव्र, पोटॅशियम वॉर्डाच्या रोजच्या साठ्यात ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 सालीच सांगितल्याचं त्या दिवशी कळलं. पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेनंतर विसरले असते.

नोकरीतल्या पहिल्याच वॉर्डात, नाइटला, पहाटे चारच्या सुमारास, तशाच दोन अ‍ॅम्प्यूल एका ट्रेमध्ये सापडल्या. हात आपोआप थांबला. लेबल मोठ्याने वाचलं. सकाळी ड्यूटी सोपवताना, ओव्हर देताना, इन्चार्ज सिस्टरांना दाखवलं. त्यांनी मनावर घेतलं आणि आठवड्याभरात पोटॅशियमला कुलपाची वेगळी पेटी मिळाली. त्या रात्री माझ्या वॉर्डात 22 पेशंट होते. त्यांच्यातल्या कुणालाही तुम्ही माहीत नाही.

आमच्या मैत्रिणींच्या कॉलेजात मॅनिकिन फक्त तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर यायचा. तुम्ही मात्र सुट्टीच्या दिवशी येऊन लेबलं चिकटवत बसायचात, पेशंटचे आवाज काढायचात. घसा बसायचा तुमचा.

आता माझ्याकडे विद्यार्थिनी पोस्टिंगला येतात. परवा एकीने पेशंटच्या हातावरची नावाची पट्टी न बघताच इंजेक्शन भरलं. मी तिचा हात धरला, बाजूला नेलं आणि विचारलं, "तुला काय दिसलं?"

दिवाळीनंतर गावी येतेय. लॅबमध्ये येऊ का? काका कसे आहेत?

तुमची विद्यार्थिनी